सुखदेव पेंटर पीत नव्हते

अस्मिताचा फोन आला तेव्हा मी अमरावतीत बँकेच्या रांगेत उभी होते, हयातीचा दाखला द्यायला. नोव्हेंबर महिना, पुढेमागे सगळे माझ्यासारखेच पेन्शनर. कुणी काठी टेकत आलेलं, कुणाला मुलाने गाडीवर आणून सोडलेलं. फोन पर्समध्ये वाजत राहिला आणि मी काढेपर्यंत बंद झाला. पुन्हा वाजला. "मॅडम, बाबा गेले," अस्मिता म्हणाली. "सकाळी, साडेआठले. आई दूध पाजून राहिली होती... ठसका लागला, अन्..." एवढं बोलून तिने फोन ठेवला. तेवढ्यात माझा नंबर लागला. खिडकीतल्या मुलीने माझा अंगठा यंत्रावर दाबून घेतला, मी जिवंत असल्याची नोंद केली आणि पुढच्या माणसाला हाक मारली. मी तशीच बाहेर पडले आणि दर्यापूरची बस धरली.

पोहोचले तेव्हा निघायची तयारी झाली होती. अंगणात पांढऱ्या कपड्यांतली माणसं, मेणबत्त्या, भंतेजींचा सावकाश आवाज. सुखदेवभाऊ त्रेपन्न वर्षांचे होते. गेली दहा वर्षं जागेपणी एक क्षणही ज्यांचे हात, मान, चेहरा मी स्थिर पाहिला नव्हता, ते तिरडीवर अगदी शांत पडले होते. त्यांची मुलगी अस्मिता पायाशी बसली होती आणि बायको, रंजनाताई, त्यांच्या हाताची बोटं एकेक करून सरळ करत होत्या. मोक्षधामात माझ्यापुढे दोन गृहस्थ उभे होते, गावातलेच, चांगले शिकलेले. एक म्हणाला, "काय हात होता राजेहो पेंटरचा! दारू पेनं सोडलं असतं त अजून वीस वर्सं जगला असता." दुसरा म्हणाला, "बापबी तसाच गेला ना त्याचा." मला बोलता आलं असतं. माझ्याजवळ सांगण्यासारखं सगळं होतं, डॉक्टरांच्या कागदापासून. पण लाकडं पेटत होती, अस्मिता चार पावलांवर होती, आणि मी गप्प राहिले. सुखदेवभाऊंच्या बाबतीत मी गप्प बसण्याची ही दुसरी वेळ. पहिलीबद्दल पुढे सांगते. तिसरी वेळ येऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

मी दर्यापूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवत असे. घर अमरावतीला, रोजचं जाणं-येणं. सोळा-सतरा वर्षांपूर्वी शाळांमधून 'बोलक्या भिंती' करायची लाट आली होती. धडे भिंतीवर रंगवून घ्यायचे, म्हणजे मुलं येता-जाता वाचतील. आमच्या मुख्याध्यापकांना पाढे, फळं, महाराष्ट्राचा नकाशा एवढं पुरे होतं. मी हट्टाने प्रयोगशाळेबाहेरची लांब भिंत मागून घेतली. मला तिथे पेशी हवी होती, पेशीचं विभाजन हवं होतं, आणि डीएनए. दहावीच्या मुलांना ते पुस्तकातल्या चार बोटांच्या आकृतीवरून कधीच कळत नसे. रंगवायला सुखदेव पेंटर आले. उंच, किडकिडीत, कानावर पेन्सिल, अंगात पांढरा शर्ट. दिवसभर रंगात काम करून त्या शर्टावर एक ठिपका नसायचा, आणि हा त्यांचा अभिमानाचा विषय होता. दर्यापुरातली निम्मी दुकानं त्यांच्या अक्षरांत बोलत. कृषी केंद्र, दवाखाना, किराणा, लग्नघराच्या दारावरची नावं. बाकीचे पेंटर निळीत भिजवलेली सुतळी ताणून आधी रेघ मारून घेत. सुखदेवभाऊ सुतळी जवळ ठेवत, पण मी त्यांना ती वापरताना पाहिलं नाही. दहा फुटांची रेघ ते श्वास रोखून एका दमात ओढत.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक उलटं-सुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, समजल्याशिवाय मी काई काढत नाई. हा जिना हाय का दोर हाय?" मी म्हटलं, दोन्ही. पीळ दिलेला दोराचा जिना. मग त्या जिन्याच्या पायऱ्या कशाच्या, हे सांगावं लागलं. चारच प्रकारचे तुकडे, आणि त्यांची जोडी ठरलेली, ॲडेनीनसमोर थायमीनच, ग्वानीनसमोर सायटोसीनच. त्यांनी लगेच रंग वाटून टाकले. लालसमोर हिरवा, निळ्यासमोर पिवळा. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत चहा घेताना मी त्यांना सांगितलं की एका पेशीच्या दोन होण्याआधी आतला सगळा मजकूर पुन्हा उतरवून काढला जातो. शिडी मधोमध उकलते, दोन अर्ध्या शिड्या होतात, आणि प्रत्येक अर्धी आपली हरवलेली बाजू नव्याने भरून घेते. लाल असेल तिथे हिरवा येऊन बसतो, निळा असेल तिथे पिवळा. एकाच्या दोन शिड्या, हुबेहूब. आपल्या अंगात हे आत्तासुद्धा चाललंय, कातडीत, रक्तात, आतड्यात. त्यांनी कप खाली ठेवला. "अन् उतरवता उतरवता चुकलं त?"

"पेशी तपासून घेते. बहुतेक चुका दुरुस्त करते."

"बहुतेक म्हंजे सगळ्या नाई."

"नाही. सगळ्या नाही."

ते हसले आणि ब्रश घेऊन उठले. पुढच्या सोमवारी मी शाळेत आले तर शिडीची एक पायरी ओली होती. शिपायाने सांगितलं, पेंटर काल रविवारी येऊन गेले. घरी जेवताना त्यांना आठवलं होतं की वरून सातव्या पायरीत निळ्यासमोर आपण हिरवा मारला. जेवण टाकून ते आले आणि एवढी एक पायरी पुसून पुन्हा रंगवून गेले. मी शिकवणारी असून माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

भिंतीच्या शेवटी गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या होत्या, मोठ्यापासून लहानाकडे. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. अस्मिता तेव्हा तिसरीत होती. शाळा सुटली की दप्तर घेऊन बापाजवळ येऊन बसायची. त्या दिवशी सुखदेवभाऊंनी तिला उचलून भिंतीजवळ नेलं. "हे पाय माय, याच्यातली अर्धी माही हायेत तुह्याजवळ. मॅडमले इचार. म्हणून त तुहं नाक माह्यावर गेलं." अस्मिताने विचारलं, "अन् आईचे?" "बाकीचे तिचे. भांडण तिच्याकडून आलं." ती खिदळली, तेही हसले. ते हसू मला अजून दिसतं... त्या भिंतीसमोर इतका आनंदी माणूस मी नंतर कधी पाहिला नाही.

पाच-सहा वर्षं गेली. भिंतीचे रंग उडाले होते, नवे मारायचं ठरलं, आणि साहजिकच पुन्हा सुखदेवभाऊंनाच बोलावलं. मी वर्गातून पाहत होते. ते शिडीवर चढले, ब्रश बुडवला, आणि रेघ ओढता ओढता मधेच त्यांचा खांदा असा उडाला, जसा कुणी मागून धक्का द्यावा. रेघेला गाठ पडली. त्यांनी फडक्याने पुसलं, पुन्हा ओढली, पुन्हा तेच. दुपारी रंगाचा डबा सांडला. पांढऱ्या शर्टावर रंगाचे ठिपके होते आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं, हे मला फार खटकलं. बोलणं जड झालं होतं. चालताना पाय कुठेही पडत. एरवी मुंगीलाही दुखवणार नाही असा माणूस, त्याने डबा उचलायला धावलेल्या शिपायाच्या अंगावर ब्रश फेकला. चौथ्या दिवशी मुख्याध्यापकांनी आम्हा चार शिक्षकांना खोलीत बोलावलं. "पेंटर पिऊन येतात. मुलांची शाळा आहे, मला तक्रार नको. मॅडम, तुमच्या ओळखीचे आहेत ते. तुम्हीच सांगा, पितात की नाही?"

मी त्यांच्याजवळ कित्येक वेळा उभी राहिले होते. वास कधीच आला नव्हता. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण चालणं डोळ्यांसमोर होतं, जडावलेलं बोलणं कानांत होतं, आणि दर्यापुरात सगळेच म्हणत की त्यांचा बापही असाच झुलत गेला. मला वाटलं, असेल. सुटली असेल सवय हाताबाहेर. मी टेबलावरच्या काचेकडे पाहत राहिले. माझं गप्प राहणं हेच उत्तर ठरलं. काम काढून घेतलं आणि भिंतीवर छापील फलक लावले. सुखदेवभाऊ आपले ब्रश गोळा करून घेऊन गेले तेव्हा मी नववीच्या वर्गावर होते. वर्गावर होते, असंच मी स्वतःला पुढे दोन वर्षं सांगत राहिले.

त्या दोन वर्षांत त्यांची बाकीची कामंही गेली. बोर्ड छापून मिळायला लागले होते हे खरं, पण छापील बोर्डाने नव्हे, लोकांच्या बोलण्याने त्यांना आधी संपवलं. एक दिवस रंजनाताई अमरावतीला माझ्या घरी आल्या. जुजबी ओळख होती आमची. दारातच उभ्या राहिल्या, आत येईनात. "मॅडम, हे पेत नाईत. तीन वर्सं झाली लोकाईचं आयकून राहिलो. एक थेंब नाई पेत. मी बायको हाये त्यायची, मले वास नाई येनार का? मंग हे असे काहून करतात? तुमी शिकल्या-सवरल्या हा, तुमी सांगा." त्यांनी माझे हात धरले नाहीत, रडल्या नाहीत. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. आणि त्या क्षणी मला कळलं की मी विज्ञान शिकवणारी बाई, मला दोन वर्षांत एकदाही हा प्रश्न पडला नाही.

आम्ही तिघं अकोल्याला गेलो, मेंदूच्या डॉक्टरांकडे. डॉक्टर तरुण होते, घाई न करणारे. त्यांनी सुखदेवभाऊंना चालायला लावलं, बोटाकडे नजर फिरवायला सांगितली, मग म्हणाले, "जीभ बाहेर काढा आणि दहा मोजेपर्यंत तशीच ठेवा." जीभ तीनलाच आत गेली. पुन्हा काढली, पुन्हा गेली. दहा फुटांची रेघ एका दमात ओढणारा माणूस... डॉक्टरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि विचारलं, "वडील कशाने गेले?"

"दारूनं," सुखदेवभाऊ म्हणाले.

"किती प्यायचे?"

मान हलत होती, भुवया उडत होत्या, पण डोळे डॉक्टरांवर होते. "लोक म्हनत, पेते म्हून. मी... मी पायलं नाई कधी."

"बाटली, ग्लास, काही?"

"नाई. कधीच नाई."

डॉक्टरांनी पेन ठेवलं. त्या खोलीत त्या वेळी एका माणसाला आपला बाप पुन्हा भेटत होता, मेल्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी, आणि आम्ही बाजूला बसून ते बघत होतो.

रक्त बाहेरगावी पाठवलं. रिपोर्ट यायला काही आठवडे लागले. तो घ्यायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, हंटिंग्टन. मेंदूतल्या काही पेशी हळूहळू मरत जातात. हातपाय आपल्या हुकमाबाहेर जातात, मग बोलणं, मग गिळणं, आणि स्वभावही बदलतो. चढउतार होतात, पण मागे वळत नाही. थांबवणारं औषध नाही. घरी परतताना बसमध्ये रंजनाताई खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसल्या होत्या. सुखदेवभाऊ माझ्या शेजारी होते. त्यांनी मला रिपोर्ट दाखवायला सांगितला. "डॉक्टरचं समजलं नाई मले. तुमी सांगा, त्या टायमाले भितीवर सांगत होत्या तसं."

मी सांगितलं. म्हटलं, तो सगळा मजकूर चारच अक्षरांत लिहिलेला असतो. त्यात एके ठिकाणी तीन अक्षरं लागोपाठ पुन्हा पुन्हा येतात. हे प्रत्येकाच्याच अंगात असतं, माझ्याही. मर्यादेत असेल तोवर काही होत नाही. पण नक्कल उतरवताना त्या जागी पेशी घसरू शकते आणि तीच तीन अक्षरं काही वेळा जास्त लिहून टाकते. एका पिढीत थोडी वाढतात, पुढच्या पिढीत आणखी. एका मर्यादेपलीकडे गेली की त्यातून बनणारा पदार्थ मेंदूला मारायला लागतो. तुमच्या वडिलांकडून तो मजकूर तुमच्याकडे आला. त्यांनी काही केलं नव्हतं. तुम्हीही काही केलं नाही.

"एकच अक्षर दोनदा पडते बोर्डावर, तसं?"

"तसंच."

"पन ते आमी पुसतो."

बस कपाशीच्या शेतांमधून चालली होती, वेचणीच्या बायका ओळीने वाकलेल्या. मग त्यांनी विचारलं, "कोनत्या जोडीत हाये?"

"चौथ्या."

त्यांनी डोळे मिटले. तेवीस जोड्या त्यांनीच काढल्या होत्या, चौथी कुठे, केवढी, त्यांना पाठ होती. जोडीतलं एक गुणसूत्र बिघडलेलं, एक चांगलं. मूल होताना दोहोंतलं एकच पुढे जातं. हे मी बोलले नाही. बोलायची गरज नव्हती. अर्धी माही हायेत तुह्याजवळ, हे त्यांनीच तर मुलीला उचलून सांगितलं होतं. दर्यापूर यायच्या आधी ते एवढंच म्हणाले, "अस्मिताले सोळावं लागलं." आणि त्यांचा हात सीटच्या दांड्यावर आपटत राहिला. तो थांबवण्यासाठी मी माझा हात त्यावर ठेवला. थांबला नाही.

त्यानंतर मी महिन्या-दोन महिन्यांनी त्यांच्याकडे जात राहिले. एका भेटीत त्यांनी मला जे सांगितलं ते त्यांनी आणखी कुणालाही सांगितलं नव्हतं, रंजनाताईंनाही नाही. ते पंधरा वर्षांचे असताना वडील बसस्टँडवर पडले होते. भर बाजाराचा दिवस. लोक हसत होते, कुणीतरी त्यांच्या टोपीत दगड टाकत होतं. सुखदेवभाऊ शाळेतून येत होते. "मले लय लाज वाटली मॅडम. मी त्यायले उचललं, घरी आनलं, अन् अंगनात... मारलं मी त्यायले. चपलीनं. का पेऊन आमची इज्जत घालवता म्हून. त्यायनं हात नाई उचलला. नुसते म्हनत, मी नाई पेलो रे बापू, मी नाई पेलो. अजून मारलं मी, खोटं बोलते म्हून." हे सांगायला त्यांना पंधरा-वीस मिनिटं लागली असतील, शब्द असे तुटत होते. मग ते थांबले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "तुमीबी तसंच समजल्या होत्या ना?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. ती त्यांनी हलवली की आपोआप हलली, मला सांगता येणार नाही. "बरं झालं बोलल्या," ते म्हणाले. मी माफी मागितली, पण ती माफी त्यांच्यापर्यंत पोहोचली असं मला आजही वाटत नाही. माझी माफी घेऊन ते काय करणार होते? त्यांना जी मागायची होती तिचा धनी केव्हाच गेला होता.

अस्मिताला इतकंच सांगितलं होतं की बाबांना नसांचा आजार आहे. बारावीनंतर ती अमरावतीला खोली करून राहिली, पदवी घेतली आणि अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करू लागली. ती बाविशीत असताना अचलपूरकडचं एक स्थळ आलं. चांगला मुलगा, शिक्षकाची नोकरी. रंजनाताईंना ते हवं होतं. सुखदेवभाऊ तोवर जमिनीवर गादीवर असत, शब्दांतले अर्धे गिळले जात. त्यांनी मला बोलावून घेतलं आणि एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, "सां...गा. तिले सांगा." रंजनाताई मध्ये पडल्या. "लगन होऊ द्या आधी. मंग पाहू. कोनाले मालूम तिले हाये का नाई? अर्धं-अर्धं म्हनते ना डॉक्टर? मंग चांगलं अर्धंच पाहा ना तुमी!" मी म्हटलं, त्या मुलालाही कळायला हवं. तेव्हा त्या माझ्याकडे वळल्या. "तुमच्या पोरीचं असतं त सांगतलं असतं का?" पण सुखदेवभाऊंचा आवाज थांबत नव्हता. सां...गा. शेवटी रंजनाताईच उठून परसात निघून गेल्या आणि जाताना म्हणाल्या, "सांगा मंग. मी नाई सांगनार."

अभ्यासिकेसमोर एक छोटी बाग आहे. तिथल्या बाकावर मी अस्मिताला सगळं सांगितलं. भिंतीवरची शिडी तिला आठवत होती. तिने मधे एकदाही अडवलं नाही. मांडीवरच्या पुस्तकाचा कोपरा दुमडत राहिली, उलगडत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "मॅडम, पुढच्या महिन्यात माहा पेपर हाये. देऊ का नको?"

"दे."

"काहून?"

मी म्हटलं, "तुझा अभ्यास झालाय म्हणून." तिला ते पटलं की काय कोण जाणे, पण तिने पेपर दिला. मुलाला तिने स्वतः फोन करून सांगितलं. चार दिवसांनी त्यांच्याकडून निरोप आला की मुलीचं वय लहान आहे, पुढे पाहू. अस्मिता तलाठी झाली, आता तेल्हारा तालुक्यात असते. तिने रक्त तपासलेलं नाही. अकोल्याच्या डॉक्टरांनी तिला नीट बसवून समजावलं होतं की जाणून घेणं हा जसा तुझा हक्क, तसाच न जाणणं हाही. तिने विचारलं, जाणून औषध मिळेल का? ते म्हणाले, आज तरी नाही. "मंग राहू द्या," ती म्हणाली. हे इथे लिहू का, असं मी तिला आणि रंजनाताईंना विचारलं होतं. अस्मिता म्हणाली, लिहा. रंजनाताई म्हणाल्या, "नाव टाकून लेहा. पेत नव्हते हे दोनदा लेहा."

सुखदेव पेंटर पीत नव्हते. त्यांचे वडीलही पीत नव्हते.

त्यांच्या स्मरणार्थ पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर आठवड्याने मी दर्यापूरला गेले. शनिवार होता, अस्मिता आली होती. शेवटची तीन वर्षं सुखदेवभाऊ ज्या खोलीत होते, तिचं दार मी पहिल्यांदाच सताड उघडं पाहिलं. मी येत असे तेव्हा ते बाहेरच्या खोलीत असत, माझ्यासाठी त्यांना तिथे आणून बसवत, हे मला तेव्हा कळलं. आत पलंग नव्हता. जमिनीवर गादी, आणि चारही भिंतींना कमरेपर्यंत जुन्या गोधड्या खिळ्यांनी ठोकलेल्या, कोपऱ्यांत दुहेरी. हातपाय आपटून फुटू नयेत म्हणून रंजनाताईंनी आपल्या लुगड्यांच्या, लेकीच्या जुन्या फ्रॉकच्या गोधड्या शिवून लावल्या होत्या. काही ठिकाणी कापड झिजून आतल्या चिंध्या बाहेर आल्या होत्या, विशेषतः खाली, टाचांच्या उंचीवर. फिनाइलचा आणि दुधाचा मिसळलेला वास होता. रंजनाताई स्टुलावर चढून पक्कडीने खिळे उपटत होत्या. दोन गोधड्या खाली पडल्या होत्या आणि त्यांच्यामागची भिंत पांढरीशुभ्र निघाली होती.

"मंगळवारी चुना मारून घेतो," त्या मला म्हणाल्या. "खोली मोकळी करतो. मानूस राहते घरात असं वाटलं पाह्यजे."

अस्मिता दारात उभी होती. ती आत आली, खाली पडलेली एक गोधडी उचलली, झटकली, आणि तिची नीट घडी घातली. मग दुसरीची घातली. "आई, बाकीच्या नको काढू," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, जसं कुणी म्हणावं की पाऊस येईल, कपडे घरात घे.

"काहून?" रंजनाताईंनी विचारलं, आणि विचारल्याबरोबर त्यांचा हात थांबला. पक्कड खिळ्यावरच राहिली. त्या स्टुलावर तशाच उभ्या, पाठ आमच्याकडे.

"या दोन मी धुऊन टाकतो," अस्मिता म्हणाली, आणि घड्या काखेत घेऊन मोरीकडे गेली. बादलीत नळ सोडल्याचा आवाज आला. रंजनाताई खाली उतरल्या, स्टूल भिंतीला लावलं, आणि उपटलेले खिळे एकेक करून वेचून डबीत भरू लागल्या.